पालथा हात

दादा,

जाताना तू फ्रिजवर चिकटवलेला कागद अजून तिथेच आहे. ढब्बूला किती खायला घालायचं, लस कधी टोचायची, गाडीत कुठे बसवायचं, सगळं त्यात आहे. बाबांबद्दल एक ओळ नाही, पण ते असो. लाल शाईने तू लिहिलंयस: "रस्त्यावर पालथा हात ठेवून पाचपर्यंत मोजा. चटका बसला तर त्याला नेऊ नका, पंजे भाजतील."

मंगळवारी ढब्बूचं पोट बिघडलं. मी कामावर होते. भर दुपारी तो दाराशी रडायला लागला, म्हणून बाबा त्याला घेऊन खाली उतरले आणि फाटकाबाहेर रस्ता तपासायला वाकले. गुडघ्यांनी दगा दिला. ते हातावरच पडले आणि उठता येईना. शेजारच्या काकू धावत आल्या, तर बाबांचं एकच, "आधी त्याला सावलीत घ्या, रस्ता तापलाय."

मनगट मोडलंय, हाताची कातडी भाजून निघालीय. बाबा म्हणाले, "दादाला कळवू नकोस. म्हणेल, उन्हात नेलंत कशाला?" मी शब्द दिलाय, म्हणून हे पत्र कपाटातच राहील.

काल तुझा व्हिडिओ कॉल आला. पहिलं वाक्य, "पंजे दाखवा." बाबांनी प्लॅस्टरचा हात उशीखाली सारला आणि दुसऱ्या हाताने ढब्बूचा पंजा उचलून धरला. "बघ, एक फोड नाही."

तू खूश झालास. "बाबा, असंच सांभाळा," म्हणालास.

ढब्बूची आत्या