आईच्या विरजणाचा तपास

ती. बेबीताई,

तुला आणि बाबूराव भाऊजींना इंदूरहून वाकून नमस्कार (भाऊजींनी या वेळी तरी 'कोण शंकर?' असं विचारू नये). तुझा गुडघा कसा आहे? मेथीचे लाडू स्वतः खातेस की नुसते करून सगळ्या धार गावाला वाटतेस? इकडे मंजिरी मजेत आहे, उर्वी कामात आहे आणि मी भीतीत आहे. फोन न करता हाताने लिहितोय ते त्यामुळेच. आमच्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं, आणि भानगड नेमकी स्वयंपाकघरातली आहे.

आमची उर्वी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तुला ठाऊक आहेच. लेकीने प्रोजेक्ट घेतला घरगुती दह्याच्या डीएनएचा, आणि सगळ्या प्राध्यापकांपुढे छाती ठोकून सांगून आली की आमच्याकडे ग्वाल्हेरहून आलेलं विरजण आहे, तुझ्यामाझ्या आजीने आणलेलं, आपल्या आईने जपलेलं, एकदाही न मोडलेलं. ऐकून माझ्या घशात पोहे अडकले. कारण ताई, ते विरजण मीच मोडलं. अकरा वर्षांपूर्वी मंजिरी माहेरी उज्जैनला गेली होती. फ्रिजमधल्या छोट्या वाटीला हात लावायचा नाही, असं तीनदा बजावून गेली होती. मी शाळेतून गणिताचे पेपर तपासून, डोकं तापवून घरी आलो आणि ती वाटी चाटूनपुसून खाल्ली (वर पोह्यांवरचा जीरावन मसाला भुरभुरून; खोटं कशाला बोलू, छान लागलं). मग घाबरून कोपऱ्यावरच्या डेअरीतलं दही आणून वाटी भरून ठेवली. मंजिरी आली, तिने दही लावलं, चाखलं आणि म्हणाली, अगदी सासूबाईंच्या हातची चव. मी मान डोलावली. अकरा वर्षं डोलावतोच आहे.

आता उर्वीची पद्धत ऐक. दह्यातल्या जिवाणूंचा डीएनए मशीन वाचतं. त्यात अक्षरं चारच (आपल्या शाळेत एवढीच असती तर भाऊजी पहिले आले असते). पण वाचायला मिळतात ते लाखो बारीक तुकडे, फाडून टाकलेल्या पत्रासारखे. एका तुकड्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याशी जुळवत कॉम्प्युटर मजकूर उभा करतो, मग दोन दह्यांचे मजकूर एकाखाली एक मांडून कुठे अक्षर बदललंय ते शोधतो. आपल्या डीएनएची नक्कल करताना जिवाणूंच्याही चुका होतात आणि त्या पुढच्या पिढीत तशाच उतरतात. म्हटलं, अगं, हे तर मी तीस वर्षं करत आलो! दोन मुलांची उत्तरं बरोबर असली तर काहीच कळत नाही. चूक सारखी निघाली, की कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं ते कळतं.

हे मी मोठ्या ऐटीत बोललो आणि पुढच्याच आठवड्यात पकडला गेलो. उर्वीने तुलनेसाठी सहज म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीचं दहीही घेतलं होतं. आमचं आणि त्यांचं चुकांसकट एक निघालं. पोरीला वाटलं, आपल्याच हातून नमुने एकमेकांत मिसळले. सगळं काम तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. जेवेना, माझ्याकडून हे होणार नाही म्हणून रडायला लागली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. गच्चीवर नेऊन सगळं कबूल केलं. वाटलं, आता तोंड बघणार नाही माझं. तर डोळे पुसून ओरडली, "पप्पा, मतलब माझी मेथड एकदम सही आहे!" आणि मला मिठीच मारली.

पण मग आईचं विरजण संपलं का? तेव्हा मला शांताबाई आठवल्या, आपल्या शेजारच्या. त्यांच्या गावी सांवेरला परत जाताना आईने त्यांच्या हातात विरजणाची वाटी दिली होती. उर्वीला मोटारसायकलवर बसवून गेलो. बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "मास्टरजी, माताजी की दी हुई चीज़ है, ऐसे कैसे ख़तम होने देती?" त्यांचं दही डेअरीशी जुळत नाही, बाजारातल्या कुठल्याच दह्याशी जुळत नाही. पण एका साक्षीदारावर निकाल देता येत नाही, असं उर्वी म्हणते.

काळजी घे. भाऊजींना सांग, शंकर म्हणजे तुझा धाकटा भाऊ.

तुझा,
शंकर

ता. क. : दुसरी साक्षीदार तू. लग्नात आईने तुझ्याबरोबर विरजण दिलं होतं. रविवारी तुझा मुलगा हृषीकेश इकडे येणारच आहे, त्याच्याजवळ स्टीलच्या डबीत दोन चमचे पाठव. उर्वीला महिनाअखेर सगळं मांडायचं आहे. मंजिरीला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. २ : पत्र टेबलावर विसरलो. मंजिरीने वाचलं. आधी हसली, मग रडली. त्याच्याही आधी, आई गेली तेव्हा बारा-तेरा दिवस दही लावायचं कोणाला सुचलंच नाही, वाटीला बुरशी धरली. त्या दिवसांत मला कसं सांगायचं, म्हणून तिने गुपचूप डेअरीचं आणून ठेवलं. म्हणजे मी जीरावन घालून खाल्लं ते डेअरीचंच होतं! अकरा वर्षं मी फुकट मान डोलावली.

ता. क. ३ : आज सकाळी शांताबाईंच्या विरजणाचं दही लागलं. ताई, चांगलंच आंबट आहे. आईचं आंबटच असायचं गं, आपण साखर मागायचो, विसरलो होतो. मंजिरीने आणि मी साखर न घालता वाटी संपवली. तेव्हा तुझ्या फ्रिजमध्ये जे असेल तेच पाठव, ऐन वेळी डेअरीत धावू नकोस. आणि तुझंही केव्हाच मोडलेलं निघालं, तर लाजू नकोस. हृषीकेशबरोबर डबी रिकामी परत येणार नाही, शांताबाईंकडचं विरजण भरूनच येईल.