लाल नळाचं गार पाणी

बाबा, बाथरूमचा गीझर गळायला लागला आणि पहिली आठवण तुमची आली. रागावू नका, माणसाची आठवण कशावरून येईल काही सांगता येत नाही. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी घेतलं. आई आता माझ्याकडेच असते. फॉल्स सीलिंगमधून टपटप सुरू झाली तशी मी खाली बादली लावली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून थेट देऱ्याला गेले, शहराच्या त्या जुन्या भागात, आपल्या जुन्या बिल्डिंगमागच्या सॅनिटरीच्या दुकानात. जन्मभर साइटवर प्लंबिंगचा फोरमन असलेल्या माणसाची मुलगी मी, म्हटलं, मला कोण काय शिकवणार! दुकानदाराने जाडजूड पुस्तकाएवढी एक चपटी पेटी पुढे केली. "मॅडम, टंकी का झंझट ही खलास. नल खोलो, पानी गरम." जागा कमी, वीज कमी, थांबायला नको. तुमच्या नातीने फोटो बघून लगेच निकाल दिला, "लुक्स सो मच बेटर, ममा. जस्ट गेट इट." घेतली की मी!

शनिवारी सकाळी फिटर आला, शिडी लावली, जुनी टाकी उतरवायला हात घातला. आई खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "छान आहे गं. पण मे महिन्यात मी अंघोळ कशाने करायची?" मी म्हटलं, आई, हे गरम पाण्याचं आहे. "तेच म्हणतेय. गार कुठून येणार?" बाबा, मी शिडीला धरून उभीच राहिले. काय बावळट मी! गेल्या जूनमध्येच आईने चुकून निळा नळ सोडला होता आणि गच्चीवरच्या टाकीत इथल्या आखाती उन्हाने उकळलेल्या पाण्याने तिचा हात मनगटापर्यंत लाल झाला होता. तेव्हापासून मी बाहेर उभी राहून "झालं का? झालं का?" करत असते आणि ती आतून चिडते. स्वतःची अंघोळ स्वतः करायची, एवढी एकच गोष्ट तिने अजून हातची सोडलेली नाही. आणि मी निघाले होते तिच्या गार पाण्याची टाकीच भंगारात द्यायला. फिटरला म्हटलं, "भैया, रुको. ये वापस जाएगा." तो हसला, म्हणाला, "अम्माजी को सब मालूम है."

तुम्हीच तर शिकवलं होतं हे. मे लागला की तुम्ही स्टुलावर चढून गीझरचा स्विच बंद करायचात आणि त्यावर काळी टेप चिकटवायचात, अगदी सण असल्यासारखं. मग एसीच्या गारव्यात टाकीतलं पाणी निवत राहायचं. उन्हाळाभर आपल्याकडे लाल नळाला गार आणि निळ्याला गरम. भारतातून आलेले पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरात सगळंच उलटं! टाकीत एकाच माणसापुरतं गार पाणी मावायचं, आणि ते तुमचं. तुम्ही साइटवरून येईपर्यंत लाल नळाला कोणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदाच होता. दारातच बूट काढता काढता तुम्ही म्हणायचात, "यल्ला, चला, स्वर्गात जाऊन येतो," आणि आतून तुमचं बेसूर गाणं सुरू व्हायचं.

एक दिवस ते गाणं झालं नाही. मी अकरा वर्षांची. तुम्ही मला बर्फावर स्केटिंगला नेणार होतात आणि ऐन वेळी साइटचं काम निघालं. तुम्ही संध्याकाळी घरात शिरता, शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे, थेट आत जाता, आणि तिथूनच ओरडता. दोन्ही नळांना चटका देणारं पाणी. ओल्या पायांनी बाहेर येऊन तुम्ही आईला म्हणालात, "दिवसभर घरात असतेस, एवढं एक लक्ष ठेवता येत नाही?" आईने आतून टॉवेल आणला, फ्रिजमधल्या बाटल्या काढल्या आणि बादलीत ओतल्या. त्यानंतर कितीतरी उन्हाळे तुम्ही तिला टेप दाखवून चिडवत होतात, "हात लावू नकोस हं." ती नुसती हसायची.

नवीन टाकी बसली, चांगली पन्नास लिटरची. दुकानदाराने पेटी कुरकुरत का होईना, परत घेतली. आणि काल मी स्टुलावर चढून स्विच बंद केला, टेप लावली. खालून आई म्हणते, "कोपरे नीट दाब. तेव्हा एक कोपरा दुमडलेला राहिला होता." मी वरूनच विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं?" "मला काय डोळे नाहीत?" "मग बोलली का नाहीस?" "ते उन्हातून आलेले. तुझ्यावर हात उचलला असता, आणि मग दोन दिवस स्वतःच जेवले नसते."

आत्ता आई अंघोळीला गेलीये. लाल नळ सोडलाय आणि चक्क तुमचं ते गाणं म्हणतेय, तुमच्याइतकंच बेसूर. मी बाहेर उभी नाही, इथे टेबलाशी बसून लिहितेय. फार बरं वाटतंय, बाबा. कागद गीझरच्या वॉरंटी कार्डात घालून ठेवीन, दुसरं कुठे पाठवणार? पण लिहिते आहेच तर पूर्ण लिहिते. टेप मी काढली होती. स्विच लावून मीच ती परत चिकटवली होती. आणि तुम्ही आईला बोलत होतात तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, सुटले असं वाटलं होतं. हे तेवढं आईला अजून सांगितलेलं नाही.