देवीचा कौल आणि संगणकाची चिठ्ठी

चेन्नई, मंगळवार

सौ. अलमेलु हिला, तंजावरी, भीमसेनाकडून मायेनं.

आज रसम-भात पोटभर जेवलो. अंगठी जरा सैल झाली, तिला दोरा गुंडाळलाय.

एक कबूल करतो. तू कामाक्षीदेवीपुढे लाल-पांढऱ्या फुलांच्या पुड्या ठेवून कौल लावलास, त्यात लाल फूल निघालं, म्हणजे आधी ऑपरेशन. इथल्या संशोधनात कुणाला आधी काय द्यायचं, हे संगणक चिठ्ठी काढून ठरवतो; माझी निघाली ती आधी केमोची. दोन्हींत बरं कुठलं, हे डॉक्टरांनाही अजून कळायचंय. तू घाबरशील म्हणून ‘डॉक्टरांनीच ठरवलं’ म्हणालो.

केमो संपली, काल स्कॅन झाला. स्वादुपिंडातली गाठ आकसली आहे! सोमवारी ऑपरेशन.

विनुताची परीक्षा संपली ना? लेकीला घेऊनच ये. आता पुन्हा कौल लावू नकोस. फुलं केसांत माळून ये.

वाटेकडे डोळे लावलेला,
भीमसेन