कुटुंबाच्या वाटीतले चिंचोके

२२ एप्रिल, मंगळवार
बियांकाच्या ऑफिसात सध्या 'कल्चर' शोधतायत. मला वाटलं गॅदरिंग असेल. पोरगी हसली. म्हणाली, मम्मी, ऑफिसची चार जातींची कल्चरं असतात. एक कुटुंबासारखं. एक सरकारी, सगळं नियमावर. एक बाजार, जो जास्त विकेल तो मोठा. आणि एक जत्रा, रोज नवीन खूळ. हे शिकायला लोक एमबीए करतात म्हणे. मी मॅट्रिक. भाकरी उलटेपर्यंत समजलं.
आमच्या ओटीवरचा बॉटल मसाल्याचा धंदा म्हणजे कुटुंब. प्रश्नच नाही.

२३ एप्रिल, सकाळी, चर्चमधली मिस्सा आटोपून
ॲनेटने (शेजारीण, आणि नात्याने जाऊ) कानात सांगितलं की आवडाबाईला ठाकुर्लीहून दुसऱ्या कामाचं बोलावणं आलंय. मसाला भाजायचा हात आवडाबाईचा. ती गेली तर डोंबिवलीच्या लग्नाची ऑर्डर गेली आणि बाटलीवरचं सासूबाईंचं नाव गेलं. सेंट अँथनीला मेणबत्ती लावली. अर्धी. उरलेली काम झाल्यावर.
निश्चय : कामाच्या तिन्ही बायकांना पटवून द्यायचं की आपण एक कुटुंब आहोत. कुटुंब सोडून कोण जातं?

२५ एप्रिल
आज कुटुंबावर पाच मिनिटं बोलले. त्यासाठी चहाची सुट्टी पाच मिनिटं कमी करावी लागली. देठं काढणाऱ्या शकूने विचारलं, कुटुंबात पंखा लावतात का? तिला समजावलं की मसाला उडतो. बिलाचा काही संबंध नाही.
मोबाईल बिस्किटांच्या डब्यात, कामाच्या वेळी बोलणं बंद, रोझरीच्या प्रार्थनेआधी चहा नाही, हे नियम सासूबाईंचेच. त्यांनी मला असंच घडवलं. फरक एवढाच की मी ते प्रेमाने लावते.

२८ एप्रिल
आवडाबाई भाजताना गात होती. मी डोळ्यांनी गप्प केलं. थुंकी उडते. माझा नवरा अँब्रोज आरामखुर्चीतून म्हणाला, सिसिल, तुझ्या कुटुंबात बोलायची परवानगी कोणाला आहे? मी म्हटलं, तुम्ही बाटल्या बघा. मसाला बियरच्या रिकाम्या बाटल्यांत भरतो. त्या तो पुरवतो. रिकाम्या कशा होतात, मी विचारत नाही. तेवढाच त्याचा धंद्याला हातभार.

३० एप्रिल
बियांका म्हणते, कल्चर मालकाने ठरवायचं नसतं, माणसांना विचारायचं असतं. विचारलं तर विचारलं! मला कसली भीती?
कागद वाया नको म्हणून चार वाट्या मांडल्या. कुटुंब, सरकारी, बाजार, जत्रा. प्रत्येकीला एक चिंचोका. गुप्त मतदान, पडद्याआड. मी लांब उभी होते. अगदीच लांब नाही.
तिन्ही चिंचोके कुटुंबाच्या वाटीत!
डोळे भरून आले. बियांकाला फोन केला. ती म्हणाली, कुठल्या प्रकारचं कुटुंब, ते विचारलंस का? एमबीएवाल्यांना सरळ गोष्ट पचतच नाही.
मेणबत्ती पुरी लावली. चिंचोके धुऊन ठेवले, पुढच्या वर्षी उपयोगी.

१ मे, गुरुवार
सेंट जोसेफ, कामगारांचा संत, त्यांचा सण. सुट्टी दिली. प्रत्येकीला संताचं चित्र दिलं, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमधून नीट कापून. आवडाबाई म्हणाली, बाय, देव तुझं भलं करो. आवाजात काहीतरी होतं. मी समजते, प्रेम.

२ मे
कोणीच आलं नाही. सुट्टी अंगात राहते कधीकधी.
११ वाजता : ठाकुर्लीला जाऊन आवडाबाईला परत आणायचं ठरवलं. छत्री घेतली, उन्हाची. दोन घरं चालले तर ॲनेटच्या ओटीवर खलबत्त्याचा आवाज. आत माझ्याच तिघी. आवडाबाई गातेय, शकू फोनवर. दारावर पाटी : माहेर मसाले.
ठाकुर्ली वगैरे काही नव्हतंच.
मी म्हटलं, परवाच तर तुम्ही कुटुंबाला मत दिलंत! आवडाबाई पोट धरून हसली. म्हणाली, दिलं ना, बाय. कुटुंबच होतं. सासरचं.
ॲनेट म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, वहिनी, सासर वाईट नसतं. फक्त माहेराला जावंसं वाटतं.
मी घरी परतले. छत्री उघडायला विसरले.

३ मे
एकटीने मसाला भाजते. चाळीस वर्षं बघतेय, त्यात काय!
संध्याकाळी : मिरच्या जळल्या. अख्खी गल्ली खोकत होती. अँब्रोज रुमाल बांधून बाहेर गेला आणि म्हणाला, हे मात्र जत्रा कल्चर. वाटलं, देठाच्या बाजूने अर्ध्या तरी मिरच्या वाचतील. नाही वाचल्या.
सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहिले. त्यांनी मला एकदाही गाऊ दिलं नव्हतं. हे आजच का आठवलं, कळत नाही.

५ मे, सोमवार
डोंबिवलीची ऑर्डर घेऊन 'माहेर मसाले'कडे गेले. अट घातली की बाटलीवर सासूबाईंचं नाव राहील. ॲनेट म्हणाली, राहू दे की, चव त्यांचीच आहे. अजून बऱ्याच अटी सांगणार होते, तेवढ्यात शकूने पुढ्यात मिरच्यांनी भरलेलं सूप ठेवलं. देठं काढायची.
आलं घातलेला चहा आला. रोझरीआधी. मग दुसरा आला. मी नको म्हणत प्यायले.
आवडाबाई कढईवर गात होती. सवयीने तोंडून गेलं, थुंकी उडते. ती म्हणाली, नव्या सुनेने पहिले चार दिवस फार बोलू नये.
सगळ्या हसल्या. मीही.
पंखा चालू होता. मसाला कुठेही उडाला नाही.