बासष्टावा प्रवेश

माझ्याबरोबर चित्रपट रचणाऱ्या बिरूने आमच्या नव्या चित्रपटाच्या शेवटच्या प्रवेशाचे कागद माझ्या हातातून ओढले आणि, त्याला वाचता येत नसल्यामुळे, रामहरी वकिलांपुढे धरले. वकिलांनी नकारार्थी मान हलवली. कागद आता माझ्या उशाखाली आहेत, आणि मी मृत्युपत्र लिहायला घेतो.

मी, हिंदुराव गणपत काटे, वय बासष्ट, मराठीचा निवृत्त प्राध्यापक, राहणार बारामती. यकृत निकामी झाले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टर मोहनराव समोर बसले आहेत, ते दोन्हींची खात्री देतील. मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दडपण कोणाचेही नाही. ज्याने आणले असते, तो बिरू खुर्चीत बसून विडी चोळतो आहे. प्रत्येक कलम लिहून झाले की मी मोठ्याने वाचतो, म्हणजे माझ्यामागे कोणी ऐकले नाही असे म्हणू नये.

एक. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगी उत्कर्षा हिला. महिनाभर ती येथे राहून माझे सगळे करते आहे. मायेने करते असे मला वाटत नाही. नीट करते.

दोन. स्वयंपाकघरातली सर्व भांडी स्वयंपाकीण चंद्राबाईला. सहा वर्षांत तिने एकदाही आमटी चाखून वाढली नाही. भांड्यांचा यात दोष नाही.

तीन. पुस्तके महाविद्यालयाला. माझ्या निरोप समारंभात ज्या सहकाऱ्याने माझा उल्लेख 'आमचे विनोदवीर' असा केला, त्याला कपाटाची किल्ली देऊ नये.

चार. बिरू म्हस्कू कोकरे, राहणार सुपे, याच्याविषयी. चौदा वर्षांत आम्ही नऊ विनोदी चित्रपट लिहिले. तो अंगणात फेऱ्या घालत सगळ्या पात्रांची सोंगे करून बोलायचा, मी लिहायचो. संध्याकाळी मी ते सपाट आवाजात, बाजारभाव वाचावेत तसे वाचायचो. दोघेही हसलो तर वाक्य राहायचे. एकच हसला तर आम्ही इंदापूरच्या स्टँडवर जायचो. तिथे बिरू एखाद्या अनोळखी ट्रकवाल्याला ते वाक्य खऱ्या भांडणात ऐकवल्यासारखे ऐकवायचा. एकाने त्याचा दात पाडला. बाकीचा स्टँड हसला, म्हणून ते वाक्यही ठेवले.

पडद्यावर लेखक म्हणून नाव माझे यायचे. खाली बारीक अक्षरांत, 'साहाय्य : बिरू'. आडनाव नाही. हे मी ठरवले होते. लिहिणारा मी होतो.

पाच. पत्नी कुशाबाई १९९१ साली गेली. स्मशानात चारजण बोलले. मग मी उभा राहिलो आणि तीस वर्षांच्या सवयीने विचारले, "मागच्यांना ऐकू येतंय ना?" नंतर एखाद्या प्रमुख पाहुणीचा द्यावा तसा तिचा परिचय करून दिला. जन्मगाव, शिक्षण, छंद. दोन महिन्यांनी बिरूने अंगणात हेच सोंग केले. मी लिहून घेतले. संध्याकाळी वाचले. दोघेही हसलो. थिएटरात सगळे हसले. माझ्या शेजारून उत्कर्षा उठून गेली आणि चार वर्षे माझ्याशी बोलली नाही. बिरूशी बोलत होती. पेन तुमच्या हातात होते, असे ती म्हणते. सोंग त्याचे होते, असे मी म्हणतो.

सहा. दहाव्या चित्रपटाचे एकसष्ट प्रवेश तयार आहेत. बासष्टावा, म्हणजे शेवटचा, मी आजारपणात एकट्याने लिहिला आहे. एकसष्ट प्रवेश बिरूला द्यावेत. बासष्टावा माझ्याबरोबर जाळावा. शेवट त्याने स्वतः लावावा; तो कोणाला जमत होता, ते लोकांना कळू दे.

हे कलम वाचून झाल्यावर बिरू म्हणाला, "जाळायचं तर जाळा, सर. पर काय जाळताय ते वाचून तर दावा."

"तुला कशाला?"

"चौदा वर्सं आमीच पयलं ऐकलंय."

मी वाचला. सपाट आवाजात, चार पाने. मोहनराव दोनदा हसले. वकील हसले. दारात उभी असलेली चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसली. बिरू शेवटपर्यंत तसाच बसून होता.

"झालं?"

"झालं."

"मग जाळा. न्हाय हसू आलं."

"हे तिघं हसले."

"डॉक्टर आजाऱ्याला हसतोय, वकील फीला हसतोय, चंद्रामावशी भांड्यांला हसती." तो उठला. "इंदापूरला न्या, सर. ट्रकवाल्याला ऐकवा. त्याला ठावं न्हाय तुमी मरताय ते."

या वाक्याला मी हसलो. तो हसला नाही. पायताण घालून गेला. वाक्य येथे नोंदवले आहे.

सात. कलम सहा कायम.

वरील सर्व मजकूर माझा आहे, खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

हिंदुराव गणपत काटे

साक्षीदार : १. डॉ. मोहनराव खलाटे २. रामहरी देवकाते, वकील

बारामती, १२ फेब्रुवारी १९९७

१३ फेब्रुवारी. सकाळी बासष्टावा प्रवेश मी पुन्हा वाचला आणि फाडला. उत्कर्षाला सातच्या एसटीने सुप्याला पाठवले. निरोप असा दिला : बिरूने येऊन शेवट सांगावा, मी लिहून घेईन, नाव दोघांचे घालू, त्याचे आधी, आडनावासह. बिरूने निरोप ऐकून घेतला, पण तो आला नाही; ती अकरा वाजता एकटीच परत आली.