अक्षर दिसेल एवढे गाळलेले

नगर, दवाखान्याची धर्मशाळा, मंगळवार

सौ. पंकजा, आशीर्वाद.

कालपासून स्वतःच्या हाताने केले ते असे: मुगाचे पाणी, चारपदरी फडक्यातून दोनदा गाळून; लिंबू सरबत, चोथा काढून; बिनदुधाचा चहा, तीन वेळा. पेल्यामागे वर्तमानपत्र धरतो, अक्षर वाचता आले तरच पितो. कँटीनचे सूप नापास झाले.

तू दिलेले कोकम सरबत शेजारच्या आजीला दिले. लाल चालत नाही, आतड्यात घालायच्या दुर्बिणीत ते रक्तासारखे दिसते. काळजी करू नकोस. पण पोटात कण जरी राहिला तरी उद्याची तपासणी तीन आठवडे पुढे जाईल, आणि माझ्या अण्णांनी हेच दुखणे दाखवायला केला तसा उशीर मला करायचा नाही. शेळी व्याली का?

दुपारी तुझा भाऊ वाल्मिक आला. माझ्याच खाटेवर बसून मटण-भाकरी खाल्ली, बोटे चाटली. "दाजी, शाळा पुरी न्हाई शिकला अन् डाक्टरकी करताय व्हय?" म्हणाला. सगळी खोली हसली.

ही चिठ्ठी त्याच्याच हाती देतोय, पाकीट चिकटवून. त्याला ताट वाढण्याआधी, त्याच्यासमोर, शेवटची ओळ मोठ्याने वाच.

दोन दिवसांच्या उपाशी माणसाच्या तोंडापुढे मटणाचा घास धरून तुझ्या भावाने तो खाण्याचे पाचशे रुपये देऊ केले, आणि मी ते नाकारले.

वैजनाथ