सोनकीच्या उतारावर

ती. आप्पा,

पाच वर्षांपूर्वी तुम्ही नाशिकला कामाला म्हणून गेलात, ते परतलाच नाहीत.

आज भंडारदऱ्याहून सायकलने येताना पाऊस सरल्याचं पहिल्यांदा जाणवलं. ऊन स्वच्छ होतं, उतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. बघायला थांबले, तर खालच्या भातखाचरातून तुमचा आवाज आला, “मुक्ते, हळू, पडशील!”

“व्हय आप्पा!” मी ओरडणारच होते. तेवढ्यात चारेक वर्षांची पोर बांधावरून धावत येऊन तुम्हाला बिलगली. “बा, मला उचल ना!”

 सायकल हातात धरून चालतच घर गाठलं.

“लई उशीर केलास गं?” आईनं विचारलं.

“चेन पडली.”

ती अजून तुमची वाट बघते. हे पत्र मी टाकणार नाही.

तुमची थोरली,
मुक्ता